जुन्या गाडीला लांब स्टड आणि स्पेसर बसवताना

पंधरा वर्षं उलटलेली मारुती घेऊन गोव्यात फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या एखाद्या गॅरेजमध्ये गेलात आणि "चाकं जरा बाहेर काढून द्या" म्हणालात, तर बऱ्याचदा काय होतं? मेस्त अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या, म्हणजे स्पेसर, आणतो, हबवर (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर) सरकवतो, मूळचेच नट आवळतो आणि किल्ली हातात देतो. गाडी रुबाबदार दिसते. आत नटाला जेमतेम चार-पाच आटे सापडलेले असतात, ते कुणाला दिसत नाही.

नट आवळला की स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे रिम हबच्या तोंडावर घट्ट दाबून बसते. गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, खड्ड्यातला दणका हे सगळं त्या दाबातून आलेलं घर्षण पेलतं, नुसते स्टड नव्हे. मध्ये स्पेसर आला की एका जोडाचे दोन जोड होतात. ते दोन्ही स्वच्छ आणि सपाट असले आणि नटाला पुरेसे आटे मिळाले, तर गाडी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. पुढची सगळी खटपट या दोन गोष्टींसाठीच आहे.

मुळात गरज आहे का?

नवीन अलॉय घेणारच असाल तर योग्य ऑफसेटचे घ्या आणि स्पेसर विसरा. रिमच्या आतल्या बाजूला "ईटी" आणि एक आकडा कोरलेला असतो, तो म्हणजे मिलिमीटरमधला ऑफसेट, रिमचं हबला टेकणारं तोंड तिच्या रुंदीच्या मध्यापासून किती बाहेरच्या बाजूला आहे ते. आकडा जितका कमी, चाक तितकं बाहेर. ईटी ४५ च्या रिममागे १० मिमीचा स्पेसर घातला की ती ईटी ३५ सारखी बसते. तेच काम ईटी ३५ ची रिम कसलाही जादा जोड न घेता करते. टायर आतल्या बाजूला स्ट्रटला (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याला) घासतोय, किंवा रिमचा आरा कॅलिपरला (डिस्क ब्रेकच्या पकडीला) लागतोय, आणि रिम बदलायची नाही, अशा वेळी स्पेसरला अर्थ आहे. निव्वळ दिसण्यासाठी २५-३० मिमी बाहेर काढणं मला पटत नाही. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर ताण जास्त. स्टिअरिंग जड होतं आणि खड्ड्यात हाताला हिसके बसतात.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जुन्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जाते, तेव्हा तपासणी होते. मडगार्डच्या बाहेर डोकावणारं चाक तिथे पहिल्या नजरेत भरतं. म्हणून आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि टायर काहीही झालं तरी मडगार्डच्या आत ठेवा.

मापं

व्हर्निअर नसेल तर उसना आणा, टेपवर हे काम होत नाही. चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे पीसीडी. मारुती ८०० चा ११४.३ मिमी, स्विफ्टचा १००, जिप्सीचा पाच स्टडचा १३९.७. ११४.३ च्या जागी ११४ चालतं असं दुकानदार म्हणाला तर दुकान बदला. मग हबच्या मधल्या उंचवट्याचा व्यास मोजा. स्पेसरचं भोक त्यावर सैल न राहता बसायला हवं आणि स्पेसरच्या बाहेरच्या तोंडालाही तसाच उंचवटा हवा, म्हणजे रिम आपोआप मध्यावर येते. पातळ चकतीला हा उंचवटा नसतो, आणि ती हबचा मूळ उंचवटाही झाकून टाकते. ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं ते बहुधा यामुळे. मग लोक बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतात.

आता आटे. सुझुकीच्या गाड्यांचा स्टड १२ × १.२५, म्हणजे १२ मिमी जाड आणि एका फेऱ्याला १.२५ मिमी पुढे जाणारा. टोयोटा, होंडा, ह्युंदाईचा १२ × १.५. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जातो, मग अडकतो आणि जोर लावला की दोघांचेही आटे जातात. नियम असा: स्टडची जितकी जाडी, कमीत कमी तितकी लांबी नटाच्या आत हवी. १२ मिमीसाठी १.२५ च्या आट्यावर साधारण दहा फेरे, १.५ वर आठ. मोजायला सोपं आहे. नट हाताने पूर्ण बसवा आणि उलटा फिरवत सुटेपर्यंत फेरे मोजा. ५ मिमीची चकती सुझुकीच्या नटाचे चार फेरे खाते. आधी अकरा मिळत असतील तर आता सातच उरले. म्हणूनच लांब स्टड.

खरेदी

स्पेसर जितका जाड, स्टड तितका लांब. फार जादा लांबी घेतलीत तर बंद टोपीच्या नटाचा तळ स्टडच्या टोकाला टेकतो. पाना घट्ट लागल्याचं सांगतो, चाक मात्र सैलच असतं. लांब स्टडवर दोन्ही बाजूंनी उघडे नट वापरा. मूळ नटाचं तोंड शंकूसारखं निमुळतं असेल तर नवेही तसेच हवेत, गोलसर असेल तर गोलसर. फट भरायला मध्ये वॉशर टाकायचा नाही.

स्टडच्या डोक्याखाली दातेरी पट्टा असतो, तो हबच्या भोकात रुतून बसतो. त्याचा व्यास मूळ स्टडशी तंतोतंत जुळला पाहिजे. थोडा कमी असेल तर नट आवळताना स्टड गोल फिरत राहील, जास्त असेल तर ओतीव हबला चीर जाईल. डोक्याची जाडीही तपासा, नाहीतर हबमागच्या पत्र्याला किंवा ब्रेक शूजच्या स्प्रिंगला ते घासतं. मजबुती १०.९ वर्गाची मागा. लेथवर साध्या बोल्टचं डोकं कापून "स्टड" करून देणारे भेटतात. त्यांच्याकडून गेटची बिजागरी करून घ्यावी, चाकाचा स्टड नव्हे. वेल्डिंगने डोकं टाचलेला स्टडही घेऊ नका. त्या उष्णतेने पोलाद ठिसूळ होतं.

२० मिमीहून जाड स्पेसर बहुधा स्वतःचे स्टड घेऊनच येतो. तो मूळ स्टडवर नटांनी बसतो आणि रिम त्याच्या स्टडवर, म्हणजे लांब स्टड लागत नाहीत. पण मूळ स्टडची टोकं स्पेसरबाहेर येत नाहीत ना आणि आतले नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरालाच आवळणाऱ्या पान्याने) आवळलेत ना, हे बघा. रिम चढली की ते नट दिसत नाहीत.

काम

जागा सिमेंटची, सपाट. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग जॅक, आणि लगेच जॅक स्टँड. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेले असतात आणि गाडीखाली दोन चिरे रचायचा मोह होतो. जांभा चिरा भिंतीत भार पेलतो, कारण वजन त्याच्या सगळ्या पृष्ठभागावर पसरतं. चॅसिसच्या लोखंडी कडेखाली तो काही न सांगता फुटतो, पावसात भिजलेला तर आधी. लाकडी ठोकळा एक वेळ चालेल, चिरा नाही. जी चाकं जमिनीवर आहेत त्यांच्या पुढेमागे मात्र दगड लावा.

पुढच्या चाकाला डिस्क असेल तर कॅलिपर सोडवून तारेने स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नका. काही गाड्यांत डिस्क हबवरून सरळ निघते, काहींत ती हबच्या मागे जखडलेली असते आणि हब काढण्यासाठी बेअरिंगही सोडवावं लागतं. तसं असेल तर इथेच थांबा आणि हब बेअरिंगच्या दुकानात न्या. मागे ड्रम असेल तर हँडब्रेक सोडा. ड्रम गंजाने चिकटला असेल तर त्याच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं शोधा. बऱ्याच जपानी घाटाच्या गाड्यांत ती ८ मिमीची असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे फिरवले की ड्रम टक् करून पुढे येतो.

जुना स्टड काढायला लोक सरळ हातोडा मारतात. हब गाडीवरच असेल तर तो प्रत्येक घाव बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि महिन्याभराने चाकातून घुर्र आवाज येऊ लागतो. स्टड दाबून काढायचा सी-क्लॅम्पसारखा पुलर मिळतो, तो वापरा. मागच्या पत्र्यात एक खाच असते. हब फिरवून स्टड तिच्यासमोर आणला की तो बाहेर निघतो.

नवा स्टड मागून घाला, दात जुन्या खाचांत येतील असं बघा. पुढून जाड वॉशर तीन-चार, त्यांच्यामध्ये तेलाचा थेंब, आणि एक जुना नट सपाट बाजू वॉशरकडे करून. हातपान्याने आवळत गेलं की स्टड ओढला जाऊन बसतो. इम्पॅक्ट गन (झटक्यांनी नट आवळणारं यंत्र) इथे नको. डोकं मागून हबला पूर्ण टेकलं की नाही, हे बोट फिरवून आणि टॉर्च मारून बघा. कागदाएवढी फट राहिली तरी पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये ती मिटते आणि नट सैल होतो. प्रेसची सोय असेल तर ती या ओढाओढीपेक्षा चांगली. ओढायला वापरलेला नट फेकून द्या.

गंज

गोव्यात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. किनाऱ्यालगतची खारी हवा, चार महिने पाऊस, डिचोली-साखळीकडे लाल धूळ. जुन्या हबचं तोंड हाताला गुळगुळीत लागलं तरी त्यावर गंजाचे पापुद्रे असतात. स्पेसर त्यावर बसवून नट पूर्ण ताकदीने आवळलात तरी तो पापुद्रा पुढच्या काही दिवसांत चिरडून भुगा होतो. केसाएवढी जागा झाली की स्टडचा ताण उतरला. रंगाचंही तसंच, म्हणून हबच्या तोंडाला सिल्व्हर पेंट मारू नका.

वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, मग कोरडं फडकं. स्टडच्या मुळाशी आणि मधल्या उंचवट्याच्या कोपऱ्यात गंज हटकून राहतो, तिथे जुना टूथब्रश किंवा पातळ पत्र्याची पट्टी चालवा. रिमचं मागचं तोंडही तसंच घासा. मग स्पेसर ठेवून चारी बाजूंनी अंगठ्याने दाबा. जराही डुलला तर काढा आणि पुन्हा घासा.

अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर आणि लोखंडी हब खाऱ्या ओलीत एकमेकांना असे चिकटतात की वर्षाने हातोड्यानेही सुटत नाहीत. मधल्या उंचवट्यावर अँटीसीझचा (धातू चिकटू न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात द्या. सपाट तोंडांवर नको. आट्यांना तेल-ग्रीसही नको, कारण त्याच टॉर्कला स्टड मग कितीतरी जास्त ताणला जातो.

आवळणं

रिम चढवा, नट हाताने घाला, फेरे मोजा. आठ-दहा मिळाले नाहीत तर पुढे जायचं नाही. मग समोरासमोरचे नट अशा क्रमाने थोडे थोडे आवळा, गाडी खाली घ्या आणि टॉर्क रेंचने पूर्ण करा. आकडा गाडीच्या पुस्तकातला. १२ मिमीच्या स्टडला तो बऱ्याच गाड्यांत ८० ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, लहान जुन्या गाड्यांत कमीही. अंदाजासाठी: ३० सेंमीच्या पान्याच्या टोकाला ३० किलोचा जोर म्हणजे जवळपास ८८. पान्यावर पाय देऊन उभं राहायची आपल्याकडे सवय आहे. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर २०० च्या वर जातो, तेव्हा ती सवय सोडा.

स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर कुठे लागतो का बघा. मग मागे तीन माणसं बसवून एखाद्या गतिरोधकावरून गाडी हळू न्या आणि मडगार्डच्या आतली कड तपासा. घासलेली जागा चकचकीत दिसते.

पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क रेंच, चाक गार असताना. तोवर चोर्ला किंवा अनमोड घाट नको. नंतर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर चाकं उतरवून तोंडं पुसा. मध्ये कधी नटाच्या बुडापासून रिमवर तांबूस ओघळ दिसला, तर नट हलतोय आणि आतला गंज भुगा होऊन बाहेर येतोय. गाडी तिथेच उभी करा.

राहिली स्टेपनी. अलॉयचे नट लोखंडी रिमला नीट बसतातच असं नाही, तेव्हा स्टेपनी स्पेसरवर चढवून एकदा घरीच बघा आणि वेगळे नट लागत असतील तर ते टूलकिटमध्ये ठेवा. पंक्चरवाल्याला आधीच सांगा की चकती काढायची नाही आणि शेवटचं आवळणं गनने नाही, हाताने.