मुलांची पार्टी अशी आखा की देण्याचीही मजा येईल

पार्टीच्या तीन आठवडे आधी मुलाला जवळ बसवा आणि एवढंच ठरवा, की या वेळी कोणाला काय द्यायचं. ठिकाण एकच आणि वस्तूही एकच. चार ठिकाणी थोडं थोडं वाटायला गेलात तर मुलांच्या लक्षात काहीच राहत नाही. त्याआधी तुम्ही स्वतः दोन-तीन ठिकाणी फोन करून ठेवा: भटक्या प्राण्यांचा निवारा, वाचनालय, रुग्णालयातला मुलांचा विभाग. ‘सध्या नक्की काय हवंय आणि काय नको?’ असं स्पष्ट विचारा. प्राण्यांच्या निवाऱ्याला जुने टॉवेल आणि चादरी बहुधा उपयोगी पडतात. रुग्णालयं संसर्गाच्या भीतीने वापरलेली मऊ खेळणी सहसा घेत नाहीत. न विचारता नेलेली वस्तू तिथल्या लोकांच्या डोक्याला ताप होते आणि मूल हिरमुसून परत येतं. होकार मिळालेली ठिकाणं मुलासमोर ठेवा आणि निवड त्यालाच करू द्या. मोठ्यांनी परस्पर ठरवलं, की मुलासाठी तो आणखी एक गृहपाठ होतो.

बोलावणं

शाळेतल्या वर्गाला बोलवायचं असेल तर एक तर सगळ्यांना बोलवा, नाही तर निम्म्याहून कमी मुलांना. वर्गातली दोन-तीनच मुलं वगळली, तर दुसऱ्या दिवशी वर्गात तोच विषय असतो आणि पार्टीत शिकवलेली सगळी माया तिथेच वाया जाते. आमंत्रणं वर्गात वाटू नका, पालकांना थेट कळवा. संख्येचा सोपा अंदाज असा: मुलाच्या वयाइतके पाहुणे, फार तर दोन-तीन जास्त. दर पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवंच.

भेटवस्तूंबद्दल गुळमुळीत लिहू नका. ‘भेटवस्तू आणली नाही तरी चालेल’ असं लिहिलं, की निम्मे जण आणतात, निम्मे आणत नाहीत आणि रिकाम्या हाताने आलेल्या मुलाला दारातच ओशाळं वाटतं. त्याऐवजी असं लिहा: ‘भेटवस्तूऐवजी घरातला एक जुना, धुतलेला सुती टी-शर्ट आणा. आपण त्यापासून निवाऱ्यातल्या कुत्र्यांसाठी खेळणी करणार आहोत.’ खाण्यापिण्याची काही ॲलर्जी असल्यास कळवा, हेही त्यातच लिहा. एखाद्या मुलाला सगळ्यांच्या मधोमध ‘तुला हे चालत नाही’ असं ऐकावं लागू नये, यासाठी ते आधीच विचारायचं.

मात्र आपल्या मुलाला सगळ्याच भेटींपासून तोडू नका. सहा वर्षांखालच्या मुलाला ‘या वर्षी तुझी खेळणी दुसऱ्यांना’ म्हणजे शिक्षाच वाटते. घरच्यांकडून एखादी मनाजोगती भेट त्याला मिळू दे. तसंच, पार्टीच्या आदल्या दिवशी त्याला स्वतःची दोन-तीन लाडकी खेळणी निवडून कपाटात ठेवू द्या. ती कोणालाही द्यावी लागणार नाहीत, हे पक्कं सांगा. बाहेर राहील ते सगळ्यांचं. पार्टीतली निम्मी रडारड एवढ्यानेच टळते.

वयानुसार अपेक्षा

फेर, बर्नहार्ड आणि रॉकेनबाख या संशोधकांनी २००८ साली ३ ते ८ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. वाटणीत ३-४ वर्षांची बहुतेक मुलं स्वतःचंच पाहत होती, तर ७-८ वर्षांची बरीचशी मुलं सारखी वाटणी पसंत करत होती. म्हणून चार वर्षांच्या मुलाने गाडी घट्ट धरून ठेवली तर तो स्वार्थी आहे असं ठरवू नका, आणि सगळ्यांसमोर तर मुळीच बोलू नका. त्या वयासाठी दीड तासाची पार्टी पुरे आणि प्रत्येक सामान मुबलक हवं. सहाच्या पुढे दोन तास चालतात. त्यांना मुद्दाम थोडं कमी सामान द्या, म्हणजे दोघांत एकच कात्री. मागणं, थांबणं, पुढे करणं हे तिथे आपोआप घडतं.

खेळ

बाद करणारे खेळ टाळा. संगीत खुर्चीत पहिल्यांदा बाद होणारं मूल बहुतेक वेळा सगळ्यांत लहान किंवा बुजरं असतं, आणि पुढची दहा मिनिटं ते भिंतीला टेकून बसतं. तोच खेळ उलटा करा: खुर्ची कमी करायची, मूल नाही. दहा मुलं, सुरुवातीला दहा जागा. गाणं थांबलं की सगळ्यांनी कुठे ना कुठे सामावायचं. चार जागांवर आलं की थांबा. खुर्च्यांऐवजी जमिनीवर जाड चादरीचे किंवा चटईचे तुकडे पसरा, कारण एका खुर्चीवर चार जण चढले की ती कलंडते. मात्र गुळगुळीत फरशीवर कापड सरकतं, तिथे खडूने गोल आखलेले बरे.

खजिना शोधायचा असेल तर प्रत्येकाला एक रंग द्या आणि त्या रंगाच्या पाच चिठ्ठ्या लपवा. दुसऱ्याच्या रंगाची चिठ्ठी दिसली तर उचलायची नाही, त्याला खुणेने सांगायचं. असं केलं नाही, तर दोन चपळ मुलं सगळं गोळा करतात आणि बाकीचे रिकाम्या पिशव्या घेऊन उभे राहतात.

देण्याचं काम

पार्टीचा गाभा हाच, त्यामुळे त्याला पूर्ण अर्धा तास द्या. तोही खाण्याच्या आधी, कारण पोट भरलं की मुलं टेबलाशी टिकत नाहीत.

कुत्र्यांच्या खेळण्यासाठी टी-शर्टाचा बाह्यांखालचा भाग घ्या. मोठ्या माणसाच्या टी-शर्टात तो साधारण ४० सेंमी उंच असतो. आडव्या, ५ सेंमी रुंदीच्या पट्ट्या कापा आणि दोन्ही कडांना शिवणीवर छेद द्या. एका टी-शर्टातून सुमारे ५० सेंमी लांबीच्या १६ पट्ट्या निघतात. एका खेळण्याला तीन लागतात. दहा मुलं, प्रत्येकी दोन खेळणी, म्हणजे ६० पट्ट्या: चार टी-शर्ट. हे चार टी-शर्ट घरचेच घ्या आणि मोठ्यांनी आदल्या रात्रीच कापून ठेवा. मुलं आणतील ते टी-शर्ट हाताशी राहू द्या, उरलेले निवाऱ्याला पुसायला देता येतात. बटणं, चेन, चमकीची नक्षी असलेला भाग वापरू नका, कुत्री ते गिळतात.

तीन पट्ट्यांची एका टोकाला गाठ मारा, वेणी घाला, दुसऱ्या टोकाला पुन्हा गाठ. दोघांची जोडी करा: एकाने गाठ घट्ट धरायची, दुसऱ्याने विणायचं, मग अदलाबदल. एकटं मूल विणायला बसलं की गाठ फिरते आणि वेणी सैल पडते. ३ सेंमीपेक्षा अरुंद पट्टी ओढताना तुटते. शेवटची गाठ मोठ्यांनी पूर्ण जोर लावून ओढून पाहावी. तयार खेळणं जेमतेम ३० सेंमीचं होतं. वेणी न येणाऱ्या लहानग्यांना पट्ट्या रंगांप्रमाणे तीन-तीनच्या जुड्यांत लावायला द्या, ते काम खरोखर लागतंच.

आजारी मुलांसाठी शुभेच्छापत्रं करणार असाल तर ‘लवकर बरा हो’ लिहू देऊ नका. काही आजार लवकर बरे होत नाहीत. चित्र, कोडं, ‘आज तुझी आठवण काढली’ एवढं पुरेसं आहे. चमकी नको, आडनाव आणि पत्ताही नको.

कौतुक

‘सगळ्यांत प्रेमळ मूल’ असं बक्षीस ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नका. वार्नेकेन आणि टोमासेलो यांच्या २००८ मधल्या प्रयोगात जेमतेम वीस महिन्यांच्या मुलांना मदत केल्याबद्दल खेळणं दिलं गेलं, आणि बक्षीस बंद झाल्यावर ती मुलं इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. स्टिकर आणि गुणांचंही तेच होण्याची भीती आहे. जे दिसलं ते साध्या शब्दांत सांगा: ‘तिच्या पट्ट्या कमी पडल्या तेव्हा तू तुझी दिलीस, म्हणून तिची वेणी पूर्ण झाली.’ एवढ्याने मुलाचा चेहरा उजळतो.

खाणं आणि निरोप

वाढताना उत्सवमूर्तीने आधी पाहुण्यांना द्यायचं आणि स्वतः शेवटी घ्यायचं, पण त्याचा तुकडा आधीच बाजूला काढून त्याला दाखवून ठेवा. नाही तर ‘मला उरणार नाही’ या धास्तीने तो वाढतच नाही. हात धुवायला लावा, चिमटा किंवा मोठा चमचा द्या.

रिटर्न गिफ्ट एकसारख्या दोन वस्तूंचं ठेवा, उदाहरणार्थ फुलांच्या बियांच्या दोन पुड्या. एक स्वतःची, दुसरी मुलाला वाटेल त्याला देण्यासाठी. ॲकनिन, हॅमलिन आणि डन यांना २०१२ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांतही असं दिसलं होतं, की स्वतःच्या वाट्यातला खाऊ देताना मुलं जास्त खूश होती. मोठ्यांनी ऐन वेळी हातात ठेवलेली वस्तू पुढे सरकवताना ती तेवढी खुलली नाहीत. म्हणून पुडी आधी मुलाच्या पिशवीत, त्याच्या मालकीची होऊ दे, आणि कोणाला दिली हे विचारू नका.

खेळणी आठवड्याच्या आत पोचवा. नंतर ती पिशवी दारामागेच राहते. नेताना मूल सोबत हवं आणि पिशवी त्याच्याच हातात. वीस मिनिटं पुरतात. रुग्णालयात किंवा वसतिगृहात गेलात तर तिथल्या मुलांचे फोटो काढू नका. घरी आल्यावर सगळ्या पाहुण्यांना दोन ओळी पाठवा: किती खेळणी पोचली, आणि कुठल्या कुत्र्याने कुठल्या रंगाची आधी पळवली.