पँटोग्राफची ठिणगी आणि धावपट्टीचा सिग्नल: ईएमसीत येऊ पाहणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम झालेली मुलं मला नेहमी विचारतात की ईएमआय-ईएमसीमध्ये (एका यंत्राच्या विद्युत-चुंबकीय गोंगाटाचा दुसऱ्याला होणारा त्रास आणि तो टाळण्याचं शास्त्र) यायचं तर सुरुवात कुठून करू? मी त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवतो. विमानतळाला लागून हायस्पीड रेल्वे गेली, तर विमानाला वाट दाखवणाऱ्या यंत्रणेला त्रास होईल का? हा प्रश्न पुस्तकी नाही. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या आवारात १९९४ पासून टीजीव्ही ही फ्रान्सची हायस्पीड गाडी थांबते, फ्रँकफर्ट विमानतळाला १९९९ पासून लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेगळं स्टेशन आहे आणि बीजिंगच्या दाशिंग विमानतळावर तर स्टेशन टर्मिनलच्याच खाली आहे.

बहुतेक जण उत्तर गाडीपासून सुरू करतात: तारेतले २५ केव्ही (किलोव्होल्ट), मोटरला वीज देणारा इन्व्हर्टर, त्यातून उठणारे हार्मोनिक्स. माझं म्हणणं, आधी ज्याला त्रास होणार आहे त्याची नीट ओळख करून घ्या. विमान उतरवायला मदत करणाऱ्या आयएलएस यंत्रणेचा लोकलायझर (डावी-उजवी दिशा दाखवणारा भाग) १०८ ते ११२ मेगाहर्ट्झमध्ये चालतो, ग्लाइड पाथ (उतरण्याचा उतार दाखवणारा भाग) ३३० मेगाहर्ट्झच्या आसपास. दोन्हींत ९० आणि १५० हर्ट्झचे स्वर एएमने (लहरीची उंची कमीजास्त करून) चढवलेले असतात. लोकलायझरच्या बाबतीत धावपट्टीच्या मध्यरेषेवर ते सारखे भरतात, बाजूला सरकलं की एक वरचढ होतो आणि कॉकपिटमधली सुई हलते. ट्रान्समीटर जमिनीवर असला तरी रिसीव्हर विमानात असतो. म्हणून नुसतं लोकलायझरच्या अँटेनाशेजारी मोजून भागत नाही. विमान उतरायच्या मार्गात रूळ कुठे ओलांडतं आणि तिथे त्याला सिग्नल किती मिळतो, हे काढावं लागतं.

आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अनेक्स १० या नियमावलीनुसार लोकलायझरला व्याप्तिक्षेत्रात किमान ४० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर मिळायला हवेत, म्हणजे ३२ डीबी-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. ग्लाइड पाथला ४००. ठिणगीचा गोंगाट फ्रिक्वेन्सी वाढेल तसा साधारणपणे उतरत जातो. त्यामुळे मी लोकलायझर आधी तपासतो. धावपट्टीजवळ सिग्नल तगडा असतो, तेव्हा सर्वांत जवळची जागा हीच सर्वांत वाईट असेल असं धरून चालू नका.

आता गाडी. मुख्य दोषी म्हणजे पँटोग्राफ, म्हणजे छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा. तारेवरून तो क्षणभर सुटला की ठिणगी पडते, आणि ती ठिणगी किलोहर्ट्झपासून शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत पसरते. थंड देशात पहाटे तारेवर हिम धरलेलं असेल तर निळसर-हिरवे लोळ नुसत्या डोळ्यांनी दिसतात. अशा वेळी मेझरिंग रिसीव्हरचा एएम आवाज हेडफोनवर जरूर ऐका. लोकलायझरची ओळख सांगणारा मोर्स कोड शांतपणे चालू असतो, गाडी येते तशी त्यावर कडकड चढत जाते, आणि गाडी गेली की मोर्स पुन्हा स्वच्छ. आलेख बघून जे कळत नाही ते इथे कानांना कळतं.

मोजायला वेळ मात्र फार थोडा मिळतो. ताशी ३०० किमीने गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते, म्हणजे २०० मीटरची गाडी अडीच सेकंदांच्या आत समोरून निघून जाते. तेवढ्यात क्वासी-पीकवर (मोजायला वेळ घेणाऱ्या डिटेक्टरवर) अख्खा बँड स्वीप करायला गेलात तर ठिणगी पडली तेव्हा यंत्र भलत्याच फ्रिक्वेन्सीवर असेल. एक फ्रिक्वेन्सी धरून झिरो स्पॅनमध्ये (स्वीप न करता) क्षणाचं सर्वोच्च मूल्य पकडणारा पीक डिटेक्टर लावा आणि पुढच्या गाडीला पुढची फ्रिक्वेन्सी घ्या. अख्खा पट्टा एकदम मोजणारा एफएफटी रिसीव्हर हाताशी असेल तर उत्तमच. बँडविड्थ, म्हणजे यंत्र एका वेळी फ्रिक्वेन्सीचा जेवढा पट्टा ऐकतं ती रुंदी, नोंदवायला विसरू नका. १२० किलोहर्ट्झमध्ये मोजलेला आकडा विमानातल्या अरुंद रिसीव्हरला जसाच्या तसा लागू होत नाही.

रेल्वेच्या उत्सर्जनासाठी ईएन ५०१२१ हे मानक आहे. त्यात रुळाच्या मध्यापासून १० मीटरवर मोजतात, आणि तिथली मर्यादा वरच्या ३२ डीबीपेक्षा खूपच वर आहे. दोन्ही आकड्यांच्या मध्ये अंतर येतं, मधला आडोसा येतो, बँडविड्थ येते. ‘गाडी मानकात बसते’ एवढ्यावर विमानतळाचा विषय मिटत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट नवशिके ठिणगीच्या गोंगाटातच हमखास मिसळतात. गाडीचा धातूचा डबा लोकलायझरचाच सिग्नल परावर्तित करू शकतो. मग गोंगाट काहीच नसतो, पण सुई चुकीच्या बाजूला झुकते. यावर ठिणगी कमी करणं हा उपायच नव्हे. रुळांची जागा आणि उंची बदलावी लागते. दोन्हींचा हिशोब वेगवेगळा मांडा.

अभ्यासात अँटेना आणि वेव्ह प्रोपगेशन पक्कं करा, डेसिबल तोंडी यायला हवेत. विमानतळ प्राधिकरण इलेक्ट्रॉनिक्सच्या ज्युनियर एक्झिक्युटिव्ह जागा गेट या अभियांत्रिकी परीक्षेच्या गुणांवर भरत आलं आहे. तिथे ही उपकरणं रोज हाताळायला मिळतात. चाचणीच्या बाजूला यायचं असेल तर ‘समीर’ या मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनिक्सच्या सरकारी संशोधन संस्थेसारख्या संस्थांकडे लक्ष ठेवा.

मुंबई-अहमदाबाद हायस्पीड रेल्वेमार्गामुळे हे काम आपल्याकडेही आलं आहे. ५०८ किमी, ताशी ३२० किमी, २५ केव्ही. मुंबईकडचा भाग भुयारातून जातो, तिथून आकाशात फारसं काही निसटणार नाही. बाकीचा बहुतेक मार्ग उंच पुलावरून आहे, तिथे पँटोग्राफला आडोसा नाही. अशा प्रकल्पावर काम मिळालं तर तारेत वीज सोडण्याआधी विमानतळाच्या बाजूचा मूळ गोंगाट मोजून घ्या, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. एकदा वीज सुटली की ती मोजणी पुन्हा करता येत नाही, आणि पुढे तक्रार आली तर तुलनेला हातात काहीच उरत नाही.