अल्व्हिओलर प्रोटिनोसिस: फुफ्फुस धुताना भूल कशी सांभाळावी

पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस हा फुफ्फुसाचा आजार इतका विरळ, की जळगाव-धुळ्याकडचा असा रुग्ण टीबीची औषधं खाऊन थकल्यावरही पोहोचू शकतो. हवेच्या पिशव्यांत साचलेलं सर्फॅक्टंट (पिशव्या उघड्या ठेवणारा चिकट द्रव) सलाइनने धुवायचं, एका वेळी एकच फुफ्फुस, जास्त खराब असलेलं आधी. दुसऱ्यावर रुग्ण जगतो, म्हणून सारी भिस्त डबल ल्यूमेन ट्यूबच्या (दोन्ही फुफ्फुसांना वेगळा मार्ग देणाऱ्या श्वासनलिकेतल्या नळीच्या) सीलवर.

डाव्या बाजूची ट्यूब घ्या, बसेल तेवढी मोठी, आणि जागा ब्रॉन्कोस्कोपने (श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीने) पाहा. मग एक ल्यूमेन पाण्याखाली धरून दुसऱ्या बाजूला ५० सेंमी पाण्याइतका दाब द्या. एकही बुडबुडा दिसला तर सलाइन सोडू नका. भूल शिरेतून प्रोपोफॉलवर ठेवा, स्नायू पूर्ण शिथिल हवेत, आर्टेरियल लाइन (धमनीतली नळी) हवीच.

सलाइन ३७ अंशांवर. मे महिन्यात जळगावच्या स्टोअरमधली पिशवी ४० च्या वर असू शकते, डिसेंबरात धुळ्यात तीच गारठलेली; थर्मामीटरच लावा. ३ लिटरच्या पिशव्या सोयीच्या, पण लेबल वाचा. ग्लायसिनची (मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेत धुण्यासाठी वापरायच्या द्रवाची) पिशवी तशीच दिसते.

दोन्ही फुफ्फुसांना १०० टक्के ऑक्सिजन देऊन धुवायची बाजू क्लॅम्प करा. काही मिनिटांत तिथला ऑक्सिजन शोषला जातो. पिशवी छातीच्या मध्यापासून ३० सेंमी वर, निचऱ्याची बाटली ६० सेंमी खाली. दर फेरीला ५०० ते १००० मिलि सोडा, छाती थोपटा, काढा. सुरुवातीला दुधासारखं येतं. स्वच्छ होईपर्यंत १० ते १५ लिटर, कधी जास्त. आत-बाहेरचा हिशेब एकाने फळ्यावर लिहीत राहावं.

भरताना सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) वाढतं, कारण पाण्याच्या दाबाने त्या बाजूचं रक्त दुसरीकडे वळतं. काढताना ते घसरतं. तेव्हा घाबरून ट्यूब हलवू नका. पण भरतानाच घसरलं, परतीच्या पाण्यात बुडबुडे आले किंवा हिशेबात लिटरभर तूट दिसली, तर गळती धरा. भरणं थांबवा, ती बाजू खाली करा, सगळं काढा, दोन्हीकडे सक्शन, मग स्कोप. सील जमलं नाही तर त्या दिवशी थांबा.

शेवटी ट्यूब बदलून साधी टाका, पीप (PEEP, म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटीही फुफ्फुसात थोडा दाब) द्या, गरजेपुरतं फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध), छातीचा एक्स-रे. धुतलेलं फुफ्फुस काही तास ताठ राहतं. एक्स्ट्यूबेशनची (ट्यूब काढण्याची) घाई नको. दुसरी बाजू काही दिवसांनी.