सीताफळावरचा पिठ्या ढेकूण: आधी मुंग्यांची वाट बंद करा

आमच्या सासवडकडे सीताफळाच्या बागा एकरांनी आहेत, त्यांचं फवारणीचं गणित वेगळं. मी सांगतेय ते परसातल्या एक-दोन झाडांचं, ज्यांच्याखाली धुणं वाळत घालतो आणि ज्यांचं फळ पोरं हातानं तोडून खातात. तिथं जहाल औषध मारायला मी तरी धजत नाही.

फळाच्या डोळ्यांमधल्या खाचांत आणि देठाशी पांढरा कापूस दिसला की बरेच जण बुरशी म्हणून मोकळे होतात. काडीनं तो जरा उचकटून बघा. खाली मऊ, चपटा, लांबट किडा हलतो. हाच पिठ्या. तो रस शोषतो आणि चिकट गोड पाणी टाकतो. त्या चिकट्यावर काळी काजळी धरते, आणि त्याच्याच लोभानं मुंग्या येतात. मुंग्या फुकट खात नाहीत बरं! पिठ्याला खाणारे किडे त्या हुसकावून लावतात. म्हणून फवारा नंतर, आधी खोड.

जमिनीपासून हात-दीड हातावर खोडाची सुटी साल घासून काढा. तिथं वीतभर रुंद जाड प्लॅस्टिक गुंडाळून वर-खाली सुतळीनं करकचून बांधा आणि त्यावर ग्रीस फासा. थेट सालीला ग्रीस नको. सालीच्या खाचांमुळे प्लॅस्टिकखाली फट राहते, तिथं चिखल भरा, नाहीतर मुंग्या बोगद्यातून गेल्यासारख्या आतून वर जातात. मातीतून वर चढणारी पिठ्याची पिल्लंही याच पट्टीवर अडकतात. भिंतीला टेकलेली फांदी छाटा, धुण्याची दोरी झाडाला बांधली असेल तर सोडा. एक पूल राहिला तरी पट्टी वाया. ग्रीसवर धूळ बसली की पुन्हा फासा.

आता फळं. जुन्या मऊ ब्रशनं कापूस खरवडा आणि पाण्याची जोरदार धार मारा. फार भरलेली फळं तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा, झाडाखाली टाकू नका. मग निंबोळी अर्क: लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, चिमूटभर साबण घालायचा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारायचा. उन्हात त्याचा जोर लवकर जातो. पिठ्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यामुळे मोठ्या किड्यावर अर्क फारसा चालत नाही, पिल्लांवर चालतो. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा.

फवारण्याआधी मात्र नीट बघा. पिठ्यासारखाच पांढरा, पण अंगावर लांब झालरी असलेला आणि भराभरा पळणारा किडा दिसला, तर तो बहुधा क्रिप्टोलेमस ढालकिड्याची अळी. ती पिठ्याच खाते. त्या फांदीला हात लावू नका.

शेजारी लिंबू असेल तर त्याचं सोपं आहे. कोवळ्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती फुलपाखराची अळी, पुढं हिरवी होते. डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि वास सोडते, पण चावत नाही. वेचून टाका.

तोडणी संपली की सीताफळाच्या आळ्यातली माती वरवर हलवून उन्हाला उघडी करा. पुढच्या पट्टीसाठी प्लॅस्टिक नवं घ्या, जुनं पुन्हा गुंडाळू नका.