संशोधनाच्या पैशासाठी गावात बोलायला जाताना

एमएस्सी, पीएचडी करणारी मुलं अधूनमधून विचारतात, सरकारनं संशोधनावर जास्त खर्च करावा म्हणून आपण मराठवाड्यात बसून काय करायचं? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा पुण्या-मुंबईतला मोर्चा असतो. 9 ऑगस्ट 2017 ला देशभर ‘मार्च फॉर सायन्स’ निघाला, त्याची मागणी रास्तच होती: जीडीपीच्या 3 टक्के विज्ञानाला, 10 टक्के शिक्षणाला. पण मोंढ्यात उभं राहून ‘जीडीपीच्या तीन टक्के’ म्हणून पाहा. माणूस मान डोलावतो आणि सोयाबीनचा भाव विचारायला पुढच्या आडतीवर जातो.

आकडा सांगायचाच असेल तर असा सांगा: 2020-21 साली देशाच्या उत्पन्नातल्या दर शंभर रुपयांमागे संशोधनावर चौसष्ट पैसे खर्च झाले. इस्राईल, दक्षिण कोरिया पाच रुपयांच्या आसपास असतात. एवढं पुरे. पुढं तक्ते काढलेत की लोक मोबाईल काढतात.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्याकडच्या लोकांना विज्ञानाचं महत्त्व पटवायला जाऊ नका, ते पटलेलंच आहे. सरकारी पैशातून झालेलं संशोधन ते रोज वापरतात. ते कुणाच्या पैशातून झालं, एवढंच कुणी त्यांना सांगितलेलं नाही. कामाला सुरुवात तिथून करायची.

नवीन मुलांना मी सगळ्यात आधी परभणीच्या खरीप मेळाव्याला पाठवतो. 18 मे हा वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन. त्या दिवशी मेळावा भरतो आणि विद्यापीठाचं बियाणं विक्रीला निघतं. ऊन मी म्हणत असतं, तरी रांगा लागतात. तुरीचा ‘गोदावरी’ वाण मिळावा म्हणून लोक लांबलांबून येतात. अशा रांगेत भाषण ठोकायचं नसतं. ज्याच्या हातात बॅग आलीय त्याच्याशेजारी सावलीला बसायचं आणि बॅगेचं लेबल वाचायला घ्यायचं. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा टॅग, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा, सत्यतादर्शकला हिरवा. रंगांचा हा हिशेब कित्येक शेतकऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त पाठ असतो, त्यामुळं गप्पा लगेच सुरू होतात. मग विचारायचं, “मामा, हा वाण कुणी काढला?”

“इद्यापीठानं. बदनापूरच्या केंद्रानं.”

“आणि विद्यापीठाला पैसे कोण देतं?”

इथं हमखास एक उत्तर येतं: “बियाणं विकूनच भागवत असतील की!”

हे उत्तर नीट ऐका, कारण आपलं काम त्यातच आहे. लोकांना विद्यापीठ म्हणजे मोठं बियाण्याचं दुकान वाटतं. दुकान आपलं आपण चालतं, त्यासाठी कुणी सरकारकडं कशाला भांडेल? तेव्हा त्याच बॅगेवरून मागं मागं जायचं. दोन वाणांचा संकर, त्याच्या पिढ्या, केंद्रावरच्या चाचण्या, मग वेगवेगळ्या जिल्ह्यांत, मग शेतकऱ्यांच्या रानात. शेवटी राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी या चारही विद्यापीठांच्या जॉइंट ॲग्रेस्कोत, म्हणजे संशोधनाच्या संयुक्त बैठकीत, चर्चा होऊन शिफारस. यात सहज आठ-दहा वर्षं जातात. पगार आणि अनुदान राज्य सरकारचं. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात पीक असेल तर खर्चाचा 75 टक्के वाटा केंद्राचा, 25 टक्के राज्याचा. मधे पैदासकाराची, म्हणजे वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाची, जागा रिकामी राहिली तर त्या पिढ्या कोण पेरणार? हा प्रश्न शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. एक हंगाम चुकला की काय होतं, हे त्याला आपल्याहून बरं कळतं.

थोडा जाणता माणूस यावर अडवतो: “कपाशीचं सगळं बियाणं कंपनीचंच हाय. मग सरकारनं कामून खर्च करावा?” हा मुद्दा उडवून लावू नका. नांदेडच्या संशोधन केंद्राचा ‘एनएचएच 44’, लोकांच्या तोंडी ‘नांदेड 44’, हा संकरित कापूस एकेकाळी गावोगाव होता. 2002 मध्ये बीटी कापूस आला आणि पुढं कंपन्यांच्या संकरित वाणांनी बाजार घेतला, हे खरंच आहे. पण संकरित कापसाचं बी दरवर्षी नव्यानं विकत घ्यावं लागतं, म्हणून कंपनीला त्यात रस. तूर, करडई, रब्बी ज्वारीच्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांचं बी शेतकरी घरचं धरून ठेवतो. तिथं कंपनी कशाला दहा वर्षं घालवेल? बदनापूरचा ‘बीडीएन 711’ ही पांढरी तूर लवकर येते, जमिनीतली ओल उडायच्या आत शेंगा भरतात. कोरडवाहू जालना-बीडकडं याची किंमत काय, ते तिथल्या माणसालाच सांगू द्या. आपण गप्प बसून लिहून घ्यायचं. पुढं निवेदनात हीच वाक्यं कामाला येतात.

बियाण्याची बाजू तशी सोपी. खरा कस लागतो हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला. तिथं ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. इंग्रजी एल अक्षरासारख्या काटकोनातल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून लेसर, आणि अब्जावधी वर्षांपूर्वी कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याची थरथर मोजायची. ती थरथर भुजेची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही कमीनं बदलवते. फेब्रुवारी 2016 मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, केंद्रीय मंत्रिमंडळाची पूर्ण मंजुरी यायला एप्रिल 2023 उजाडलं. खर्च 2,600 कोटी. आणि समोरचा माणूस विचारतो, “आमच्या वस्तीला रस्ता नाही, अन् तुम्ही काय करायलेत म्हणं ते, आभाळातला आवाज ऐकायलेत?”

यावर दोन उत्तरं तोंडावर येतात आणि दोन्ही टाळलेली बरी. एक, ‘जिल्ह्याचा कायापालट होईल, पोरांना नोकऱ्या लागतील.’ काही कामं निघतील, पण अशा वेधशाळेत काही कारखान्यासारखी भरती नसते. खोटी आशा लावलीत तर पुढच्या प्रत्येक प्रकल्पाला तीच आडवी येणार. दुसरं, ‘मूलभूत संशोधनाचा फायदा पन्नास वर्षांनी कळतो.’ ज्याला पुढच्या हप्त्याची काळजी आहे त्याला पन्नास वर्षं ऐकवणं म्हणजे त्याची थट्टाच. मी सरळ सांगतो की यातून तुमच्या रानात काही येणार नाही, जगात अशी यंत्रं मोजकीच आहेत आणि त्यातलं एक आपल्याकडं होतंय. लोक आधी हसतात. मग कुणीतरी म्हणतं, “येऊ द्या की मग. नागनाथाच्या देवळानं तरी कुठं उत्पन्न वाढवलं आमचं?” विज्ञानाच्या बाजूनं इतका चपखल मुद्दा मी कुठल्या परिसंवादात ऐकलेला नाही.

तिथून बोलणं हमखास भूकंपावर येतं. हिंगोली, नांदेड, परभणीकडं 21 मार्च 2024 च्या सकाळी साडेचार तीव्रतेचा धक्का बसला, जुलैतही बसला. जमिनीतून येणारे गूढ आवाज तर कित्येक गावांच्या अंगवळणी पडलेत. “तुमचं ते यंत्र भूकंपाचं आगाऊ सांगल का?” नाही सांगणार, आणि ते तसंच सांगायचं. पण किल्लारीचा विषय काढायला ही जागा योग्य आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपर्यंत तो भाग नकाशावर भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. हजारो माणसं गेल्यावर उपकरणं आली, अभ्यास आले, पुढं 2002 मध्ये नकाशा बदलला. मोजणीचा खर्च संकटाच्या आधी करायचा की नंतर, हे लातूर-धाराशिवच्या जुन्या माणसांना विचारा. फक्त किल्लारीचं नाव टाळ्या मिळवायला घेऊ नका. समोर बसलेल्यांत कुणाच्या घरातलं कोण गेलंय, आपल्याला माहीत नसतं.

आता कागदाचं काम. ते रटाळ आहे आणि नवी पोरं ते टाळतात. सभा गाजली, फोटो तालुक्याच्या पानावर आला, पण सरकारदरबारी त्याची नोंद शून्य. त्यामुळं मागणी लेखी हवी, एका पानात, आणि योग्य टेबलावर. कृषी विद्यापीठातल्या रिक्त जागा हा राज्याचा विषय, तो आमदाराकडं. समन्वित प्रकल्पाचा निधी केंद्रीय कृषी मंत्रालयाचा, लायगोचा अणुऊर्जा विभागाचा, हे दोन्ही खासदाराकडं. खासदाराला रिक्त जागांचं निवेदन दिलंत तर ते आदरानं घेतलं जाईल, फोटोही निघेल, आणि पुढं काहीही होणार नाही.

निवेदनाची पोच घ्याच, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. साहेब भेटले नाहीत म्हणून परत फिरू नका, सगळं वाचतो तो पीए. त्याला नुसतं ‘निधी वाढवा’ देण्यापेक्षा तारांकित, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा मसुदाच द्या: अमुक केंद्रावर मंजूर पदं किती, भरलेली किती, कधीपासून रिकामी, केव्हा भरणार. आयता प्रश्न मिळाला की तो लागण्याची शक्यता वाढते. आकडे हवेत तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा, नियमानं तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभा धरून चाला, विषय आठवडाभर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) कानावर घाला.

वेळही सांभाळा. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो म्हणून लोक फेब्रुवारीत धावतात. तोवर विभागांचे प्रस्ताव केव्हाच गेलेले असतात. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ यासाठी धरा. तेव्हा हुकलं तर अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या उरतात. आणि बातमीतला मोठा आकडा दिसला की हुरळू नका. संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा 2023 चा कायदा आला तेव्हा पाच वर्षांत 50,000 कोटींची बातमी सगळीकडं झळकली. त्यातले सरकारचे 14,000 कोटी, बाकी सरकारबाहेरून यायचे होते.

तुम्ही स्वतः सरकारी नोकरीत असाल तर वर्तणूक नियम वाचून मगच पुढं व्हा. मागणी शेतकऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी करावी, तुम्ही माहिती द्यावी. विद्यार्थ्यांचं तसं नाही, आणि त्यांनी मागून मिळवलेलंही आहे. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांची दरमहा फेलोशिप, 2019 मध्ये 25 हजारांवरून 31 हजार झाली, 2023 मध्ये 37 हजार. धरणे आंदोलनं आणि पत्रं यांचा त्यात मोठा हात होता.

यात करिअर होतं का? पगारी जागा थोड्या आहेत. विज्ञान प्रसारसारखी केंद्राची संस्थाही 2023 मध्ये गुंडाळली गेली. मोठ्या प्रकल्पांच्या लोकसंपर्क विभागात अधूनमधून जागा निघतात. खासदारांसोबत काम करायची ‘लॅम्प’ फेलोशिप आहे, ती केलेल्याला कुठला कागद कुठं अडतो हे आपोआप कळतं. बाकीच्यांनी पीएचडी सांभाळून हे करावं, आणि गाइडला आधी सांगून ठेवावं.

आणखी एक. सभागृहात उत्तर आलं, अगदी ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ एवढंच आलं, तरी त्याची प्रत काढून ज्या गावानं ठराव दिला तिथं नेऊन द्या. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच ग्रामसभेत ठराव मागायला तुम्हालाच जायचंय.