इंट्राकॅथ लावल्यानंतरचं काम

वॉर्डात नवीन आलेल्या सिस्टरचं कौतुक एकाच गोष्टीवरून होतं: एका प्रिकमध्ये शीर सापडते की नाही. मी मिरजेत मेडिकल वॉर्डची इन्चार्ज आहे आणि मला हे पटत नाही. शीर सापडणं सवयीने जमतं. लावलेल्या इंट्राकॅथकडे, म्हणजे सलाईन-औषधासाठी शिरेत ठेवलेल्या नळीकडे, पुढच्या ड्युट्यांमध्ये कोण बघतं, यावर पेशंटचा हात सुजणार की नाही ते ठरतं. तेव्हा लावण्याचं थोडक्यात, नंतरचं सविस्तर.

मनगटाची आणि कोपराची घडी टाळा. हात वाकला की नळी आत हलते, ड्रिप थांबते, आणि ‘आजोबा, हात सरळ’ म्हणत रात्र जाते. कोपराखालचा सपाट भाग चांगला, तोही शक्यतो जेवायचा हात सोडून. हिरवा चुडा असेल तर काढण्यावरून वाद नको, बांगड्यांच्या वर जागा भरपूर असते. लकवा झालेला हात, स्तनाच्या ऑपरेशनच्या बाजूचा हात आणि फिस्टुलाचा (डायलिसिससाठी ऑपरेशनने शीर धमनीला जोडलेला) हात वापरायचा नाही. किडनीच्या पेशंटला फिस्टुला अजून केला नसेल, तरी मनगट ते कोपर शिरा राखा आणि हाताच्या पाठीवर लावा. उद्या त्याचं डायलिसिस त्याच शिरांवर चालायचं असतं.

साध्या सलाईन-अँटिबायोटिकला 20 नंबरची गुलाबी किंवा 22 ची निळी पुरते. हिरवी 18 नंबर रक्त द्यायला, शॉकमधल्या पेशंटला; नंबर जितका कमी तितकी नळी जाड. उगाच जाड नळी घातली की ती शिरेला आतून घासत राहते. ऊसतोडीच्या, द्राक्षबागेतल्या माणसांच्या शिरा टपोऱ्या दिसतात पण ऐनवेळी सरकतात. खालची कातडी ताणून धरा. 2 टक्के क्लोरहेक्सिडीन आणि 70 टक्के अल्कोहोलच्या स्वॅबने 30 सेकंद घासा आणि वाळू द्या. फुंकर मारायची नाही. वाळल्यावर ‘इथेच आहे ना’ म्हणून पुन्हा बोट लावायचं नाही.

वरून पारदर्शक ड्रेसिंग, त्यावर तारीख आणि वेळ. कापसाचा बोळा आणि चार पदरी मायक्रोपोर मला चालत नाही, कारण खाली काय चाललंय ते दिसत नाही.

आता मुख्य काम. दर ड्युटीला, ओव्हर (आधीच्या सिस्टरकडून पेशंटचा ताबा) घेतानाच, प्रत्येक हात उघडा करून बघा, बोटाने हलकं दाबा आणि विचारा. जत, अथणीकडची म्हातारी माणसं आपणहून तक्रार करत नाहीत. मराठी कळत नसेल तर कन्नड येणाऱ्या मावशींना सोबत घ्या. नुसतं थोडं दुखणं किंवा थोडी लाली असेल तर लक्ष ठेवा. दुखणं, लाली, सूज यांतलं कुठलंही दोन दिसलं की काढा आणि दुसऱ्या जागी लावा. शीर बोटाखाली सुतळीसारखी लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालाय.

भोवती थंड, फिकट, फुगीर कातडी म्हणजे आयव्ही आऊट, सलाईन शिरेबाहेर जातंय. बाटली खाली धरल्यावर नळीत रक्त उलटं आलं, तरी ती शिरेतच आहे असं धरून चालू नका. नॉरअॅड्रेनॅलिन, कॅल्शियम किंवा पोटॅशियम चालू असताना असं झालं तर आधी ड्रिप बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा. इंट्राकॅथ लगेच उपटू नका, आत राहिलेलं औषध आधी त्यातूनच सिरिंजने ओढून घ्यायचं असतं.

आपला जिल्हा हळदीचा, त्यामुळे एक गोष्ट इथे हमखास घडते. रात्री नातेवाईक सुजेवर हळद-चुन्याचा लेप लावतात. लाली झाकली जाते, चुन्याने कातडी पोळते, आणि सकाळी ड्रेसिंगच्या कडेने पिवळं पाणी आत उतरलेलं असतं. ओरडू नका. लावतानाच सांगून ठेवा की सूज दिसली तर लेप नको, आधी आम्हाला हाक मारा. ड्रिपचा वेग कमी-जास्त करायच्या रोलरलाही हात लावू नका, हेही त्याच वेळी सांगा. बाटली लवकर संपवून घरी जायची घाई सगळ्यांनाच असते.

औषधाआधी पोर्ट (इंट्राकॅथचं औषध द्यायचं तोंड) अल्कोहोल स्वॅबने 15 सेकंद घासा. टोपण गादीवर ठेवायचं नाही. औषधाच्या आधी आणि नंतर 5 मिली नॉर्मल सलाईन, थांबत थांबत ढकला, सिरिंज 10 मिलीची घ्या. छोट्या सिरिंजने दाब जास्त पडतो. जात नसेल तर जोर लावू नका, गुठळी आत जाईल.

किती दिवस ठेवायची? अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या 2011 च्या सूचनांप्रमाणे मोठ्या माणसांत ती 72 ते 96 तासांपेक्षा लवकर बदलायची गरज नाही, आणि आता बऱ्याच ठिकाणी लक्षणं बघूनच बदलतात. आपल्या हॉस्पिटलचा नियम पाळा. 108 च्या गाडीत घाईत लावलेली मात्र 48 तासांच्या आत बदला.

आणि पेशंट भाकरी खातोय, गोळ्या सुरू झाल्यात, तरी हातात इंट्राकॅथ ‘असू दे, लागेल’ म्हणून ठेवलेली असते. राऊंडला डॉक्टरांना रोज विचारा, ‘सर, काढू का?’ काहींना राग येतो. येऊ दे.

काढताना कोरड्या गॉजने दोन-तीन मिनिटं दाबा, नळीचं टोक अख्खं आहे का बघा, वेळ नोंदवा. डिस्चार्जच्या कागदावर वॉर्डचा फोन लिहून द्या: दोन-तीन दिवसांत तिथे शीर कडक झाली, लाल झाली किंवा ताप आला तर फोन करून यायचं.