जर्मेनियम फझ पेडल बिघडले, तर आधी गळती मोजावी

घरी बांधलेले फझ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारे पेडल, वाजेनासे झाले, किंवा वाजताना सूर मध्येच तुटू लागले, की बहुतेक जण लगेच सोल्डरिंग आयर्न तापवतात आणि प्रत्येक सांधा पुन्हा वितळवू लागतात. हा सल्ला जो तो देतो, आणि त्यामुळे अनेक चांगले ट्रान्झिस्टर नाहक भाजून निघतात. आयर्न बाजूला ठेवून आधी मल्टीमीटर हातात घ्यावा.

येथे मी फझ फेस या सर्किटाबद्दल लिहीत आहे. लंडनच्या आर्बिटर कंपनीने ते 1966 मध्ये बाजारात आणले आणि जिमी हेंड्रिक्समुळे ते जगभर पोहोचले. त्यात पीएनपी प्रकारचे दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट (फिरवून बदलता येणारे रेझिस्टर) एवढेच भाग असतात. मूळ पेडलमध्ये एनकेटी 275 किंवा एसी 128 हे ट्रान्झिस्टर होते. आपल्याकडे जुन्या रेडिओंतून निघालेले एसी 128 अजूनही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात चौकशी केल्यास मिळू शकतात.

जॅक, फूटस्विच आणि बॅटरी यांची तपासणी वाचकाने केलेली आहे, असे मी धरून चालतो. फक्त एक गोष्ट पाहून घ्यावी. या सर्किटात ग्राउंड (सर्व भागांचे सामाईक शून्य टोक) बॅटरीच्या धन टोकाला असते, त्यामुळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही नेहमीच्या सवयीच्या उलटे बसतात. 2.2 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचे धन टोक गिटारकडे, तर फझ पॉटवरील 22 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचे धन टोक ग्राउंडकडे हवे.

ट्रान्झिस्टरला बेस, कलेक्टर आणि एमिटर अशी तीन टोके असतात. यानंतर मीटरचा काळा प्रोब ग्राउंडवर ठेवून दोन्ही कलेक्टरांवरील व्होल्टेज मोजावे. पहिल्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर उणे 1 व्होल्टच्या आतबाहेर आणि दुसऱ्याचा उणे 4.5 च्या आसपास असावा. दुसरा कलेक्टर उणे 8 किंवा त्याहून खाली सरकला असेल आणि आवाज फाटक्या कागदासारखा तुटक येत असेल, तर दोष बहुधा पहिल्या ट्रान्झिस्टरच्या गळतीत आहे.

मला हे कळायला जवळजवळ एक वर्ष लागले. जानेवारीतल्या एका रात्री बांधलेले माझे पहिले पेडल अप्रतिम वाजत होते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या तालमीच्या खोलीत तेच पेडल मुके झाले. मी बोर्ड तीनदा नव्याने बांधला, सगळे कपॅसिटर बदलले आणि शेवटी गिटारच्या पिकअपवरही संशय घेतला. प्रत्येक वेळी रात्री दुरुस्ती केली, की पेडल वाजायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बंद पडायचे. एवढे होऊनही तापमानाकडे माझे लक्ष गेले नाही, याचे आजही नवल वाटते.

गळती म्हणजे बेसला काहीही जोडलेले नसतानाही कलेक्टर आणि एमिटर यांच्यामध्ये वाहणारा प्रवाह. सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये तो नगण्य असतो, जर्मेनियममध्ये मात्र तो ठळक असतो आणि तापमान सुमारे 10 अंश सेल्सिअसने वाढले, की साधारण दुप्पट होतो. या सर्किटात पहिल्या कलेक्टरला 33 किलोओहमच्या रेझिस्टरमधून वीज मिळते, म्हणजे त्या ट्रान्झिस्टरच्या वाट्याला एकूण सुमारे 250 मायक्रोअँपिअर प्रवाह येतो. जानेवारीतल्या रात्री 100 मायक्रोअँपिअर गळणारा ट्रान्झिस्टर मे महिन्याच्या दुपारी 200 च्या पुढे सहज जातो. मग तो जवळजवळ सगळा प्रवाह गळतीतच संपवतो आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरला चालू ठेवण्याइतके व्होल्टेज उरत नाही.

मल्टीमीटरवरच्या गेन (ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो, तो आकडा) मोजण्याच्या खाचेवर येथे मुळीच विश्वास ठेवू नये. ती खाच गळती आणि गेन एकत्र मोजते, म्हणून जास्त गळणारा ट्रान्झिस्टर तिला जास्त गुणी वाटतो. माझ्या पहिल्या पेडलमध्ये मी नेमका असाच, सर्वांत मोठा आकडा दाखवणारा नग निवडून बसवला होता.

खरी मोजणी ब्रेडबोर्डवर पाच मिनिटांत होते. ताज्या 9 व्होल्ट बॅटरीचे धन टोक एमिटरला जोडावे. कलेक्टर आणि ऋण टोक यांच्यामध्ये 2.2 किलोओहम आणि 270 ओहम हे रेझिस्टर एकापुढे एक लावावेत, म्हणजे एकूण 2.47 किलोओहम होतात. बेस सुरुवातीला मोकळाच ठेवावा आणि या दोन रेझिस्टरांवर मिळून पडणारे व्होल्टेज मोजावे, ही गळती. नंतर बेस 2.2 मेगाओहममधून ऋण टोकाला जोडून पुन्हा मोजावे. दोन्ही आकड्यांतील फरकाला 100 ने गुणले, की खरा गेन मिळतो. समजा, आधी 0.45 आणि नंतर 1.25 व्होल्ट आले, तर खरा गेन 80 आणि गळती सुमारे 180 मायक्रोअँपिअर. गळती न वजा करता कोणी हाच नग 125 म्हणून विकला, तर नवल नाही.

मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरू नये. बोटाच्या उबेनेही आकडा चढतो, म्हणून नग बसवल्यावर तो स्थिर होईपर्यंत काही मिनिटे थांबावे. थंड एसी खोलीत केलेली मोजणी आपल्या उपयोगाची नाही. पेडल जिथे वाजणार आहे, तिथल्या उकाड्यात ती करावी. गळती अगदी शून्य आली, तर आनंद मानण्याऐवजी मीटरच्या डायोड रेंजवर बेस-एमिटर तपासावा. 0.6 व्होल्टच्या आसपास आकडा दिसला, तर एसी 128 चा छाप मारलेला सिलिकॉनचा नग आपल्या गळ्यात मारलेला आहे. जर्मेनियम 0.3 किंवा त्याहून कमी दाखवते.

पहिल्या जागी 70 ते 80 गेनचा आणि 100 मायक्रोअँपिअरपेक्षा कमी गळतीचा नग लावावा. दुसऱ्या जागी 110 ते 130 गेन चालतो आणि 200 पर्यंतची गळतीही मी खपवून घेतो. निवड करण्याची वेळ आली, तर कमी गळणारा नग पहिल्या जागी, मग त्याचा गेन थोडा कमी का असेना.

बांधून झालेल्या पेडलमध्ये संशयाची खात्री करायची, तर दुसऱ्या कलेक्टरवर मीटर लावून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या टोपीवर (धातूच्या आवरणावर) अर्धा मिनिट बोट टेकवावे. मग फ्रिजमध्ये गार केलेला स्टीलचा चमचा कोरडा पुसून त्याच टोपीला, तारांना स्पर्श न होऊ देता, लावावा. बोटाने आकडा उणे 9 कडे आणि चमच्याने पुन्हा उणे 4.5 कडे सरकत असेल, तर तो ट्रान्झिस्टर बदलावा.

दुसऱ्या कलेक्टरच्या 8.2 किलोओहमच्या रेझिस्टरऐवजी 10 किलोओहमचा ट्रिमपॉट (पेचकसाने फिरवायचा छोटा पॉट) लावून आकडा उणे 4.5 वर आणण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. निरोगी ट्रान्झिस्टरच्या बाबतीत तो उत्तम आहे आणि मीही तो वापरतो, पण गळक्या ट्रान्झिस्टरवर तो केवळ रात्रीपुरता टिकतो.

नवा नग थेट सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसवावा. एसी 128 वरचा ठिपका कलेक्टरची बाजू दाखवतो. शिट्टी ऐकू येत असेल, तर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये 47 पिकोफॅरडचा कपॅसिटर लावावा. हे पेडल इतर पेडलांच्या सामाईक अडॅप्टरवर कधीही जोडू नये, कारण ग्राउंड उलटे असल्याने थेट शॉर्ट होते. बॅटरी वापरावी, आणि वाजवणे संपले की गिटारची केबल काढून ठेवावी.